तुणतुण्याची तार

लग्नाच्या मांडवात गोंधळाचा चौक मांडून झाला, तसा म्हाळू तुणतुण्याची तार लावायला बसला. थोरला भाऊ सिदूअण्णा पुढे उभा राहून गाणार आणि म्हाळू मागून सूर धरणार, ही त्यांची जन्माची रीत.

"सत्तरी गाठली, पण आवाज तसूभर खाली आला न्हाई," अण्णा पाहुण्यांना ऐकवत होता. म्हाळूने खाली बघत मान डोलावली. अण्णाचा आवाज चढेनासा झाल्यापासून दर लगीनसराईला तो तार गुपचूप थोडी उतरवत आला होता.

पाहुणे चौकाभोवती जाऊन बसले. अण्णाने गळ्यातली कवड्यांची माळ सारखी केली आणि म्हाळूच्या कानाशी वाकला.

"म्हाळ्या, खोकल्यानं जीव खाल्लाय बघ. औंदा तार आणखी जरा उतरव."