आपापल्या घरापुरतं

आजीचं सलाईन संपेपर्यंत ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली. इंटरनेटवर यंत्रं ज्या नंबरांनी एकमेकांना ओळखतात, ते वाटायचे कसे, हे आज ठरायचं होतं.

"मला भीतीच वाटते," वयस्कर अध्यक्ष पुन्हा म्हणाले. "एकच नंबर दोघांनी घेतला तर? नोंद हवी, तपासणारा माणूस हवा."

"अहो सर," ती म्हणाली, "आपापल्या घरापुरता, आतल्या यंत्रांसाठी, कुणी कुठलाही नंबर घेईना का! नोंदणीची कटकट कशाला? घरातल्या घरात कोण चुकतंय?"

सगळे हसले. तिचंच म्हणणं मंजूर झालं.

तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत बाहेर आला. "आजींना नेतोय हं, ताई."

आजीचा एक्स-रे राहिलाच होता, त्यासाठीच नेत असतील. तिने स्क्रीनवरून नजर न काढता मान हलवली.

लॅपटॉप मिटून ती आत गेली. आजीचा पलंग रिकामा होता. शेजारच्या पलंगावरची म्हातारी पायाचं बँडेज सावरत उठून बसली होती.



"पोरी, सकाळपासून 'आजी, तयार राहा' म्हणतायत, आणि मला इथेच ठेवून गेले. पाय माझा कापायचाय ना गं?"