आपल्या मातीतल्या पोरी

मुलींच्या फुटबॉल फायनलमध्ये कॉलेजच्या संघानं शेजारच्या शहरातल्या कॉलेजला लोळवलं, तेव्हा प्राचार्यांना आभाळ ठेंगणं झालं. विजयी गोल मारणारी त्यांनी यंदाच त्या कॉलेजातून फोडून आणली होती आणि बाकीच्या दहाजणी फुकट हॉस्टेल देऊन लांबलांबून गोळा केल्या होत्या. पण माइक हातात येताच सरांचा ऊर भरून आला. "आपल्या मातीतल्या पोरी या! यांच्या नादाला कोण लागणार?"

फोटोसाठी एक राखीव खेळाडूही कडेला येऊन उभी राहिली. हिला आपण कुठून आणलं, ते काही सरांना आठवेना.

"बाळा, जरा बाजूला हो. फोटोत फक्त आपल्या मातीतल्या मुली येऊ देत."



ती बाजूला सरकली. अख्ख्या संघात हॉस्टेलवर न जाता पायी आपल्या घरी जाणारी ती एकटीच होती.