बारावं नाव

हृदयरोग विभागात आकडेवारी बघणाऱ्या बाईंनी दुपारी रुग्णांची फाइल 'आर' प्रोग्रॅममध्ये उघडली. रकान्यांची नावं दाखवणारी छोटी चौकट पडद्यावर आली. वय, वजन, रक्तदाब... नावं अकरा हवी होती, दिसत होती बारा. शेवटचं होतं 'माझी नाडी'.

"हे तू घातलंस का रे?" त्यांनी शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं.

त्याने वाकून बघितलं. "मॅडम, मला तर अकराच दिसतायत," म्हणाला आणि चहाला निघून गेला.

बाई हट्टाला पेटल्या. छडा लावल्याशिवाय उठायचं नाही. त्यांनी ते नाव पुसलं, फाइल पुन्हा उघडली. नाव जागच्या जागी. मग त्यावर क्लिक करून आतले आकडे बघितले. शेवटचा होता अठ्ठ्याऐंशी.

मनगटावर बोटं ठेवून त्यांनी मिनिटभर स्वतःचे ठोके मोजले. एक्क्याण्णव. मान वर केली, तर खालच्या ओळीत एक्क्याण्णव उमटलेलं होतं.

"बरं, बघतेच आता," त्या पुटपुटल्या आणि पुन्हा मनगट धरलं. मोजायला सुरुवात करण्याआधीच पुढची ओळ भरली. शून्य.

बाईंनी बोटं आणखी घट्ट दाबली.

"एक," त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि दुसऱ्या ठोक्याची वाट पाहू लागल्या.