टेम्पो बंद की उघडा?

फ्रिजसाठी बंद टेम्पो, उघडा टेम्पो किंवा मागे लिफ्ट असलेला टेम्पो, असे तिन्ही पर्याय नीराने फोनवर समजावून सांगितले. सुभानपुऱ्यातल्या टेम्पो-बुकिंगच्या ऑफिसात दिवसभर तिचं हेच काम. पण गोत्रीच्या मोहनाताईंचं आधीच ठरलेलं होतं.

"उघडाच पाठव. बरोबर सहाला, बायका बाकावर येऊन बसतात तेव्हा. आणि खोक्यावरचं कंपनीचं नाव बाहेरच्या बाजूला दिसू दे."

"धूळ बसेल हो, ताई."

"बसू दे. धूळ पुसता येते."

सोसायटीत त्यांची विंग मागच्या गेटला लागून होती. तरी टेम्पो पुढच्या गेटने शिरला आणि बागेला अख्खा फेरा घालून रमतगमत मागे गेला. "बेन, लग्नाचा वरघोडा काढल्यासारखं वाटलं," ड्रायव्हर जयंतीभाई परत येऊन कुरकुरले.

तेवढ्यात मोहनाताईंचाच फोन आला. त्या भलत्याच खुशीत होत्या. समोरच्या पालेकरवहिनी बाकावरून उठून अभिनंदन करायला आल्या होत्या, वर आइस्क्रीमची पार्टीही मागून गेल्या होत्या.

नीराने सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून ती म्हणाली,



"ताई, खोकं तेवढं फाटू देऊ नका. दुरुस्तीवाल्याकडे ते एकच आहे, आणि उद्या पालेकरवहिनींचाही जुना फ्रिज त्यातूनच घरी यायचाय."