शेळ्यांसकट शिफारस

मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी चैतालीला स्कॉटलंडहून मेल आला. एलएल.एम.साठी तिने ज्या विद्यापीठात अर्ज केला होता, तिथूनच. मजकूर थोडका होता. तुमच्यासाठी आलेलं एक शिफारसपत्र आणि दुसऱ्या एका अर्जदाराचं पत्र, नाव सोडलं तर, शब्दशः सारखं आहे. दोन्ही एकाच प्राध्यापकांनी पाठवली आहेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खुलासा करावा, नाहीतर अर्ज बंद होईल. खाली नमुन्यादाखल एक वाक्य दिलं होतं : 'नारायणगडाच्या पायथ्याशी आईच्या शेळ्या राखत वाढलेल्या या विद्यार्थ्याने गायरानाच्या वादात सतरा बायकांचे जबाब स्वतः लिहून घेतले.'

वाक्य तिचं होतं. शेळ्याही तिच्याच होत्या.

परदेशी अर्जदारांसाठीची यादी तिला पाठ होती. गुणपत्रकं सीलबंद पाकिटात. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. दोन शिफारसपत्रं. पत्राचा नियम तर ठळक अक्षरात होता : शिक्षकांनी ते स्वतः लिहावं, थेट विद्यापीठाला पाठवावं, अर्जदाराला दाखवू नये. बीडच्या तिच्या लॉ कॉलेजात मात्र वेगळीच पद्धत होती. घोलप सर सगळ्यांना एकच सांगत, "तूच लिहून आण, मी पाठवतो." चैतालीने आठ दिवस खपून ते पत्र लिहिलं होतं. सरांच्या मेलवरून गेलं म्हणजे सरांचंच झालं, अशी तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली होती.

साडेतीनला ती स्टाफरूममध्ये उभी होती. घोलप सर चहा बशीत ओतत होते.

"दुसरं पत्र कुणाचं, सर?"

"अमरसिंहाचं." त्यांनी लपवलंही नाही. अमरसिंह संस्थेच्या सचिवांचा मुलगा.

"माझं पत्र त्याला दिलं?"

"अगं, मजकूर चांगला होता. बोनाफाईड सगळ्यांचं एकच असतं, नाव तेवढं बदलतो आपण. त्यावरून कुणी भांडतं का?"

"त्याच्या घरी शेळ्या हायत का, सर?" राग आला की तिच्या तोंडी घरची बोली यायची.

सरांनी बशी खाली ठेवली. "शेळ्या काढायच्या राहून गेल्या," ते म्हणाले. "घाई होती."

अमरसिंहाच्या घरी दूधसुद्धा पिशवीचं येतं, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं.

"हे बघ, मी कळवतो क्लार्कची चूक झाली म्हणून. तू गप्प बस. तू स्वतः लिहिलंस असं बोललीस, तर आधी तूच बाहेर. नियम वाच त्यांचा."

नियम सरांनी वाचला होता तर. टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून भिंतीवर फेकावा, असं चैतालीला वाटलं. तिने तो उचललाही. मग जागेवर ठेवला आणि बाहेर पडली. सर म्हणाले ते खरं होतं, याचा तिला सगळ्यात जास्त राग होता. पत्र आपलं आहे हे सिद्ध करायचं, तर ते आपणच लिहिलं हे कबूल करावं लागणार होतं.

पाच वाजता ती स्कूटी उभी करून गोठ्यात गेली. तिची आई मनकर्णा शेळ्या आत घेत होती. चैतालीने सगळं सांगितलं. मनकर्णाला शिफारसपत्र कळलं नाही. शेळ्यांचं बरोबर कळलं.

"आपल्या शेळ्या त्याच्या नावावर केल्या?"

"केल्या."

"त्यानं कवा शेळी पिळली का? नुकतं झालेलं करडू कसं धरत्यात, ठावं हाय का त्याला?" मनकर्णाने हातातली काठी खुंटीला न लावता खाली आपटली. दोन शेळ्या दचकून मागे सरल्या. "मंग तू सांग की त्यांना. म्हणावं, म्या लिवलं."

"सांगितलं तर माझाच अर्ज जाईल, आई. नियमात बसत न्हाई ते."

मनकर्णाने शेवटची शेळी बांधली. दाव्याची गाठ मारून उभी राहिली.

"म्हंजी तू बी चुकली."

"चुकले."

"मंग तुझं चुकलेलं बी सांग. त्याचं बी सांग. गेला अर्ज तर गेला. लबाडी राखायला म्या तुला वकील न्हाई केली."

सहा वाजून दहा मिनिटांनी चैतालीने उत्तर पाठवलं. पत्र मी लिहिलं. नियम मला माहीत होता. आमच्या कॉलेजात सगळ्यांची पत्रं अशीच जातात. दुसऱ्या अर्जदाराच्या पत्रातलं आयुष्य माझं आहे, त्यातले सतरा जबाब माझ्या अक्षरात माझ्याकडे आहेत. शेळ्या बावीस आहेत. सोबत तिने जबाबांचे फोटो जोडले. सरांचं नाव लिहिताना तिचा हात थांबला नाही.

बुधवारी दुपारपर्यंत ती तासातासाला अर्ज उघडून बघत होती. नावासमोर एकच शब्द होता : विचाराधीन.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. घोलप सरांचा मेसेज होता.

'तिकडून मेल आला. दोन्ही पत्रं बाद. शुक्रवारपर्यंत माझ्या स्वतःच्या शब्दांत नवीन मागितलीत. तुझं आज रात्री लिहून पाठव. अमरसिंहाचंही तूच लिही, तुझं इंग्रजी चांगलं आहे. त्यात शेळ्या नकोत.'