टिल्डाची हाक

जूनमधल्या रेडिओ स्पर्धेसाठी आमच्या नेब्रास्कातल्या हौशी क्लबने बागेत तंबू ठोकला होता. चोवीस तासांत जास्तीत जास्त लोकांशी रेडिओवर बोलायचं. सलग सहा वर्षं शेजारच्या गावाने आम्हाला हरवलं होतं. सत्तरीचे ऑर्विल दुपारभर घसा फोडून हाका मारत होते, पण तीन तासांत उत्तरं आली जेमतेम नऊ.

"आजोबा, मी बघू जरा?" बारा वर्षांच्या टिल्डाने विचारलं. तिला रेडिओवर बोलायचा परवाना मिळून आठवडाच झाला होता.

"बघ बाई! माझं तर कुत्रंही ऐकत नाहीये."

टिल्डाने माइक धरला. "हॅलो, मी टिल्डा. कुणी आहे का?"

तो चिमुकला आवाज ऐकला मात्र, अलास्कापासून फ्लोरिडापर्यंत नुसती झुंबड उडाली. तासाभरात ऐंशी जण! टिल्डा खुर्चीतल्या खुर्चीत नाचत होती, आम्ही तंबूभर नाचत होतो.

ती हॉटडॉग खायला गेली, तसे ऑर्विल हळूच तिच्या खुर्चीत बसले. त्यांनी नाक चिमटीत धरलं आणि किनऱ्या आवाजात हाक दिली, "हॅलोऽऽ, कुणी आहे का?"



टेक्सासहून लगेच उत्तर आलं, "ऑर्विल, सर्दी झालीय का रे?"