आधी ताशा, मग हरभरे

"अगं, घोडी आहे ती. बालवाडीतलं पोर नाही," पिराजी मुलीला म्हणाला.

मागच्या वरातीत ताशा वाजत असताना फटाका फुटून चांदणीचा पाय भाजला होता. तेव्हापासून ताशा वाजला की ती उधळायची. आजच्या वरातीत उधळली, तर तिला विकायचं त्याने ठरवलं होतं.

त्याची मुलगी मोनाली नुकतीच बीएस्सी झाली होती. पुस्तकात वाचून महिनाभर ती लांबून ताशा वाजवायची, मग चांदणीला भिजवलेले हरभरे द्यायची आणि रोज थोडी जवळ सरकायची. पिराजी हरभरे आधीच पुढे करायचा. "आबा, आधी ताशा!" मोनाली ओरडायची. "नाहीतर ती हरभऱ्यांनाही भिईल."

वरात निघाली. ताशा तडतडला. पिराजीने लगाम आवळला. चांदणीने कान टवकारले आणि नवरदेवासकट सरळ ताशेवाल्याला गाठून त्याच्या खिशात तोंड खुपसलं. तो मागे सरला, तशी तीही त्याच्यामागे गेली. वऱ्हाडी हसून बेजार झाले.

मोनालीने धास्तावून बापाकडे पाहिलं.

"ठेवतोय घोडी," तो म्हणाला. "पण हिला ताशेवाल्यापासून लांब कसं ठेवायचं, तेही तुझ्या पुस्तकात बघ."